फॉरवर्ड झालेला बिबट्या

लोकांचे मन वळवायचे असेल तर आधी त्यांच्या येण्या-जाण्याची वाट गाठावी लागते. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नेमके हेच केले. बंदरांकडे जाणारे आणि तिकडून येणारे व्यापारी तांडे जिथे विसावत, त्या घाटमाथ्यावरच्या लेण्यात एक लांबलचक लेख कोरलेला आहे. तो राणी नागनिकेचा मानला जातो. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची त्यात नोंद आहे आणि त्या यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती हत्ती आणि किती कार्षापण नाणी दान दिली याचे आकडे आहेत. भारतातल्या अतिप्राचीन अंकचिन्हांमध्ये या लेखातल्या चिन्हांची गणना होते. लेख कोरणाऱ्यांच्या मनात पुण्याची नोंद एवढाच हेतू असेलही. पण जागा बघता परिणाम उघड आहे. घाट चढून आलेल्या परक्या माणसाला इथे राज्य कोणाचे आणि ते केवढे संपन्न, हे विश्रांतीच्या वेळेतच कळत असे.

समोरच्याला पटवण्याची साधने तीन, असे ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात सांगितले: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. नाणेघाटच्या लेखात तिन्ही सापडतात. राजघराण्याचे नाव ही पत, यज्ञदानाचे पुण्य ही भावना आणि आकडे हा पुरावा. मोबाईलने या यादीत चौथे साधन आणलेले नाही. बदल झाला आहे तो त्यांच्या हालचालीत. बोलणारा कोण हे वाटेत पुसले जाते, भावना युक्तिवादाच्या आधी पोहोचते आणि प्रत्येक ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया कुठेतरी मोजली जाते. त्यामुळे डिजिटल माध्यमांत एखाद्या गोष्टीवर विश्वास बसतो तो तिच्यातल्या मजकुरापेक्षा ती कोणत्या वाटेने आली यावर अधिक. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हे फार स्पष्ट दिसते, कारण इथे फोनवर येणारा एक विषय थेट जिवाशी जोडलेला आहे. तो म्हणजे बिबट्या.

बोलणाऱ्याची पत कशी ठरते, या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार भारतीय न्यायदर्शनात सापडतो. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला नैयायिकांनी ‘शब्द’ हेही ज्ञानाचे प्रमाण मानले, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान. मात्र तो दुसरा आप्त हवा. त्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक हवी आणि ती जशीच्या तशी सांगण्याची त्याची इच्छा हवी. दोन्ही अटी एकाच माणसात पुऱ्या झाल्या पाहिजेत. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मेली. ही बातमी बाहेर पोहोचली ती त्या रस्त्याने गाडी नेणाऱ्या एसटीच्या चालकामुळे. ओळखीच्या रस्त्यावर, जिथे गाव असायला हवे तिथे चिखलाचा ढीग आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. रस्ता त्याच्या पायाखालचा होता आणि वाढवून सांगण्याचे त्याला काही कारण नव्हते. नैयायिकांना अपेक्षित असलेला आप्त तो हाच.

व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड या दोन अटींची फारकत करतो. संदेशावर नाव असते शेवटच्या पाठवणाऱ्याचे: मामाचे, भावकीतल्या कोणाचे, शाळेतल्या मित्राचे, सोसायटीच्या सचिवाचे. या माणसांची सचोटी वादातीत असते. फक्त त्यांनी काही पाहिलेले नसते. ज्याने पाहिले, किंवा ज्याने रचले, तो दहा फोन मागे राहिलेला असतो आणि त्याचे नाव कुठेही दिसत नाही. वाचणारा मात्र मामावरच्या विश्वासाने वाचतो. फसवणाऱ्याला स्वतःची पत कमवावी लागत नाही, ती त्याला नात्यागोत्यातून फुकट मिळते. व्हॉट्सॲपने 2018 मध्ये ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि पुढच्या वर्षी वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी दुहेरी बाण आणला. संदेश पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही एवढे त्यातून कळते. तो कोणाचा, हे त्यातून कळत नाही.

या खुणा आणाव्या लागल्या त्यामागे महाराष्ट्रातलीही एक घटना आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर जगणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा तेव्हा देशभर फिरत होती. अफवेसोबत मोटारसायकलवरून मूल उचलून नेणाऱ्या दोघांचा एक व्हिडिओ होता. तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी केलेल्या चित्रफितीचा तुकडा होता. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून ठेवतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. फिरवणाऱ्यांनी एवढेच केले, की शेवट कापला. त्यात खोटे चित्र एकही नव्हते. जुलै 2018 मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांकडे किंवा गटांकडे पाठवता येईल अशी मर्यादा आली. एप्रिल 2020 मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली गेली.

आता बिबट्या. वनखात्याच्या जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, कालव्यांना पाणी आले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. वर्षभर उभे राहणारे दाट पीक, पाणी, आणि भोवती कुत्री, शेळ्या, डुकरे. बिबट्याला याहून अधिक काही लागत नाही. इथले अनेक बिबटे उसातच जन्मलेले आहेत आणि ऊसतोड सुरू झाली की फडात बछडे सापडण्याच्या बातम्या दर हंगामात येतात. गावातले लोक त्याला सर्रास वाघच म्हणतात. मळ्यात घर, रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे रात्रीच पाणी भरणे, उसाला लागून गोठा, असे ज्यांचे जगणे आहे त्यांची भीती पोकळ नाही. माणसे खरोखर मरतात. म्हणूनच इथे खरी सूचना आणि खोटी आवई यांतला फरक शहरातल्यापेक्षा जास्त महाग पडतो.

गेल्या काही वर्षांत बंगल्यांवर, पेट्रोल पंपांवर, पोल्ट्रींच्या शेडवर कॅमेरे आले. एक बिबट्या रात्रीत तीन-चार किलोमीटर चालला तर तो पाच कॅमेऱ्यांत दिसतो. त्याच्या पाच फिती पाच गटांत जातात, तिथून नातेवाइकांच्या गटांत जातात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकाच माणसाच्या फोनवर त्या वेगवेगळ्या कोनांतून पोहोचतात. त्याचा ग्रह होतो की तालुका बिबट्यांनी भरला आहे. एखादी गोष्ट किती सहज आठवते यावरून ती किती वेळा घडते याचा अंदाज माणूस बांधतो, हे ॲमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी 1973 मध्ये दाखवले होते. कॅमेरे वाढले की बिबटे वाढल्यासारखे वाटणारच. बिबटे खरोखर वाढलेलेही असू शकतात, पण ते मोजण्याचे शास्त्र वेगळे आहे. त्यात कॅमेरा ट्रॅपमधल्या छायाचित्रांतून प्रत्येक जनावराचे ठिपके ताडून पाहावे लागतात. व्हिडिओंची संख्या म्हणजे जनावरांची गणना नव्हे.

अशा संदेशांची भाषा बारकाईने वाचण्यासारखी असते. ‘आत्ताच’, ‘काल रात्री’, ‘आपल्या भागात’ हे शब्द त्यात हमखास असतात. तारीख नसते, गावाचे नाव नसते, असले तरी नुसते ‘वस्तीजवळ’. हे शब्द असे आहेत, की संदेश ज्या दिवशी आणि ज्या गावात उघडला जाईल तिथे ते खरे वाटतात. कर्नाटकातली जुनी फीत जुन्नरच्या ओतूरमध्ये उघडली की ती ओतूरची होते, आंबेगावच्या घोडेगावात उघडली की घोडेगावची. तीन वर्षांपूर्वीचा ‘काल’ आजही कालच राहतो. खरी सूचना लिहिणारा नेमका उलट वागतो. तो वार, वेळ, मळ्याचे नाव, ओढ्याचे नाव टाकतो, कारण वाचणाऱ्याने त्या वाटेने जाऊ नये अशी त्याची इच्छा असते. नेमकेपणाने संदेशाचे फिरणे आटोक्यात राहते. मोघमपणाने तो कुठेही खपतो. ‘जास्तीत जास्त शेअर करा’ ही ओळ शेवटी येते तेव्हा तिच्यात एक छोटा सौदा दडलेला असतो: पुढे पाठवायला काही खर्च नाही, पण न पाठवता उद्या कोणाचे मूल गेले तर? या हिशेबात शंका काढणारा माणूस निष्ठुर ठरतो.

ही युक्ती मोबाईलपेक्षा जुनी आहे. संतोषी मातेच्या किंवा बालाजीच्या नावाने पोस्टकार्डे येत. इतक्या जणांना तीच लिहून पाठवा, लाभ होईल, नाही पाठवलीत तर अरिष्ट येईल. आणि 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर आणि परदेशातल्या देवळांतही पोहोचली, तेव्हा बहुतेक घरांत साधा टेलिफोनही नव्हता. माणसांना वार्ता फिरवायला यंत्र लागत नाही. यंत्राने फिरवण्याचे कष्ट तेवढे काढून घेतले. पोस्टकार्ड लिहिताना दहाव्या कार्डापर्यंत हात दुखायचा आणि त्या वेळात शंकाही यायची.

माणूस काय पुढे पाठवतो याचा मोठा अभ्यास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ट्विटरवर 2006 ते 2017 या काळात फिरलेल्या सुमारे 1 लाख 26 हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त निघाली. याचा दोष यंत्रचलित खात्यांवर टाकता येत नाही, कारण ती वगळली तरी निष्कर्ष तोच राहिला. खोटी बातमी अधिक नवी वाटते आणि तिच्यावर लोक आश्चर्य व तिटकारा व्यक्त करतात, असे त्यांना दिसले. पुनरुक्तीचे काम त्याहून मुकाट चालते. तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले तर ते अधिक खरे वाटू लागते, हे 1977 पासून प्रयोगांतून ठाऊक आहे. तीन गटांत तोच व्हिडिओ आला, की तीन साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. मूळ एकच आहे हे डोक्यात येत नाही.

जुन्नर-आंबेगावात सर्वांत चिवट अफवा व्हिडिओची नाही. ‘वनखातेच बाहेरचे बिबटे आणून आपल्याकडे सोडते’ ही ती अफवा. ती खोडून काढणे फार अवघड जाते, कारण तिच्या बुडाशी सत्याचा कण आहे. 2001 ते 2003 या काळात या भागातल्या शेतवस्तीत पकडलेले 29 बिबटे जवळपासच्या जंगलांत, सरासरी सुमारे 40 किलोमीटर अंतरावर सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले आणि हल्ल्यांतली जीवघेण्यांची टक्केवारीही दुपटीवर गेली. पकडून दुसरीकडे सोडल्याने त्रास हलत नाही, वाढतो, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. अफवेने त्यातले ‘सोडले’ एवढेच ठेवले, काळ आणि अंतर गाळले आणि भूतकाळाचा वर्तमान केला. अशा अफवेला ‘हे साफ खोटे आहे’ असे उत्तर दिले की ऐकणाऱ्याला आपला अनुभव नाकारला गेल्यासारखे वाटते आणि तो अधिकच ठाम होतो. काय खरे होते, केव्हा होते आणि ते का बंद पडले, हे आधी कबूल केले तरच पुढचे बोलणे ऐकले जाते. सरकारी खुलाशांना हे क्वचितच जमते.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चित्रांची ताकद या भागाने अगदी जवळून पाहिली. आंबेगावच्या शिवेला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तिघांचा बळी गेला, त्यांत दोन मुले होती. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात एका बिबट्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच दिवसांत एक छायाचित्र देशभर गेले: शेतात काम करणाऱ्या बायका, गळ्यात खिळ्यांचे पट्टे. असे पट्टे कुत्र्याच्या गळ्यात घालतात, बिबट्याने नरडे धरू नये म्हणून. त्या चित्राला मथळ्याची गरज नव्हती. हल्ल्यांचे आकडे, निवेदने, मोर्चे यांनी जे साधले नव्हते ते त्या पट्ट्यांनी दोन दिवसांत साधले. मुंबई-दिल्लीतल्या प्रेक्षकाला इथल्या माणसाची भीती अंगावर जाणवली. मन वळवण्याच्या कलेचा हा प्रामाणिक वापर होता. भावनेला हात घालणे म्हणजे फसवणे, हा समज चुकीचा आहे. पण चित्र आपल्या हद्दीबाहेर काही सिद्ध करू शकत नाही. भीती किती खोल आहे हे त्या छायाचित्राने सांगितले. पिंजरे लावावेत, नसबंदी करावी, की रात्रीची वीज दिवसा द्यावी, यांपैकी कशाने बळी कमी होतील, हे त्याने सांगितले नाही. त्यासाठी युक्तिवादाकडेच जावे लागते.

लगोलग कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले बिबटेही आले. पुणे शहरात औंध भागात नोव्हेंबरमध्ये बिबट्या दिसल्यानंतर शहरातल्या ओळखीच्या रस्त्यांवर बिबट्या उभा असल्याची बनावट चित्रे फिरली आणि असे करणाऱ्यांवर कारवाईचा इशारा वनखात्याला द्यावा लागला. आता ओतूर-नारायणगावच्या कोणत्याही चौकाचा फोटो घेऊन त्यात जनावर बसवायला काही मिनिटे पुरतात. यातला लक्षात येणारा धोका असा, की लोक खोट्याला खरे मानतील. न जाणवणारा धोका उलट्या दिशेचा आहे. बनावट चित्रांची सवय झाली, की खऱ्या चित्रालाही ‘एआय असेल’ म्हणून उडवून लावता येते. शहरात त्याने फार बिघडत नाही. उसाच्या कडेने शाळेत जाणारी पोरे असलेल्या मळ्यात मात्र खरी सूचना हसण्यावारी नेली जाणे ही अफवेइतकीच वाईट गोष्ट आहे.

युक्तिवाद, त्यातही आकडा, हा तरी सुरक्षित आहे का? जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे 2023 हे वर्ष या प्रश्नाचे उत्तर देते. त्या वर्षी उन्हाळ्यात नाशिक-पुणे पट्ट्यात टोमॅटोचे भाव इतके पडले होते की तोडणीची मजुरी सुटेना. शेतकऱ्यांनी माल फेकला, कित्येकांनी उभे प्लॉट सोडून दिले. जुलैत देशभर आवक आटली आणि नारायणगावात 20 किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या पुढे भाव गेला. याच सुमारास जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने महिन्याभरात कोटीच्या वर कमावल्याची बातमी सगळ्या वाहिन्यांवर आणि सगळ्या फोनवर होती. बातमी खरी होती. तरीही तिच्यातून जो अर्थ पसरला, की टोमॅटो लावा आणि कोट्यधीश व्हा, तो खोटा होता. त्या आकड्यात किती एकर, किती खर्च, मल्चिंग-तार-बांबूला किती, औषधांना किती, आणि त्याआधीच्या तोट्याच्या हंगामांचे काय, हे नव्हते. ज्यांनी मे महिन्यात प्लॉट सोडले त्यांचा व्हिडिओ कोणी केला नाही. दिसले ते फक्त टिकलेले आणि नशिबाने तेजीत सापडलेले. सप्टेंबरपर्यंत भाव कोसळले आणि माल पुन्हा रस्त्याच्या कडेला आला. बियाणे, खते, संजीवके विकणाऱ्यांच्या रील्स याच पद्धतीने चालतात. एकरी एवढे टन, सोबत हसरा शेतकरी आणि मोठ्या अक्षरात एकच आकडा. नाणेघाटातल्या गाईंच्या संख्येसारखा तोही मोजून पाहायला कोणी जात नाही. आकड्याशेजारी भागाकार नसेल, म्हणजे दर एकरी, दर हंगामी, दर शंभर शेतकऱ्यांमागे असे काही नसेल, तर तो पुरावा नसून सजावट आहे.

नारायणगावचे दुसरे नाव तमाशाचे माहेर. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. यात्रा-जत्रांसाठी गावोगावचे पुढारी येऊन फड ठरवतात, सुपारी देतात. विठाबाई नारायणगावकर याच परंपरेतल्या. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, हा क्रम म्हणजे प्रेक्षक हातात घेण्याचे शास्त्र आहे: आधी देवाला वंदन करून पत मिळवायची, मग रंगत आणायची, सोंगाड्याने हसवून मन सैल करायचे आणि मगच मुख्य कथा सांगायची. शिट्टी कुठे येते, माणसे कुठे उठून जातात हे बोर्डावरच्या कलावंताला समोर दिसते आणि दुसऱ्या गावी तो त्याप्रमाणे बतावणी बदलतो. समाजमाध्यमांची क्रमवारी लावणारी यंत्रणा हेच करते, फक्त ती प्रत्येक माणसाला वेगळा खेळ दाखवते. कोणी कुठे थांबले, काय दोनदा पाहिले, कशावर संतापले, हे मोजून पुढचा तुकडा निवडला जातो. फेसबुकने 2017 पासून काही काळ रागाच्या इमोजीला साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले होते, हे 2021 मध्ये उघड झाले. चिडवणारा मजकूर अधिक लोकांपुढे गेला तो कोणी मुद्दाम चिडवायचे ठरवले म्हणून नव्हे, चिडलेला माणूस पडद्यावर जास्त रेंगाळतो म्हणून. तमाशाच्या फडात एक मोठा फरक राहतो. तिथे सगळे गाव एकच खेळ बघते आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्याची चिरफाड करते. फोनवर शेजारच्या घरात काय दाखवले गेले हेच कळत नाही, मग चिरफाड कशाची करणार?

पडद्यावरची पत प्रत्यक्ष जीवनात कशी उतरते याचे उदाहरणही याच मातीतले आहे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका 2017 ते 2020 या काळात झी मराठीवर चालली. तिच्यात संभाजी महाराजांची भूमिका करणारे नारायणगावचे अमोल कोल्हे यांनी त्याच काळात, 2019 मध्ये, शिरूर मतदारसंघात शिवाजीराव आढळराव पाटील यांचा पराभव केला आणि 2024 मध्येही जागा राखली. शिवनेरीच्या पायथ्याशी छत्रपतींची भूमिका करणाऱ्या नटाला मिळणारी आत्मीयता राजकारणात मोजता येत नाही, पण ती नाही असे त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत. मतदानाचे कारण एकच कधी नसते हेही खरे. नुसत्या ओळखीच्या खुणेचा प्रभाव किती असतो हे आंबेगावने 2024 च्या विधानसभा निवडणुकीत पाहिले. दिलीप वळसे पाटील 1,523 मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवाराच्या नावाशी साधर्म्य असलेल्या आणि त्याच्या चिन्हातल्या तुतारीसारखे दिसणारे ट्रम्पेट हे चिन्ह असलेल्या उमेदवाराला 2,965 मते पडली. त्यांतली किती चुकून पडली हे सांगता येत नाही. घाईत माणूस वाचत नाही, ओळखतो, एवढे मात्र त्यावरून म्हणता येते. फोनवर अंगठा सरकवताना तो याहूनही घाईत असतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखी पट्टी, वाहिनीच्या रंगातला चौकोन, वनखात्याचे बोधचिन्ह, हे सगळे त्या घाईसाठीच चिकटवलेले असते.

या सगळ्यावर उतारा म्हणून बहुधा ‘सत्य तपासा’ असा उपदेश केला जातो. तो बरोबर असला तरी अपुरा आहे, कारण रानातून परतलेला माणूस रात्री नऊ वाजता चित्राचा उलटा शोध घेत बसणार नाही. जे खरोखर उपयोगी पडते ते याहून साधे आहे. एखादे विधान खरे वाटते का, एवढा प्रश्न आधी विचारला तरी लोक खोट्या गोष्टी कमी पाठवतात, असे 2021 च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसले. पाठवणाऱ्याला ‘हे तुम्ही पाहिले का?’ असे गटातच विचारले, तरी नैयायिकांची पहिली अट तपासली जाते. व्हिडिओतली झाडे, गाड्यांच्या पाट्या, मागे ऐकू येणारी बोली बऱ्याचदा पुरेशी असते. जुन्नर-आंबेगावच्या गाड्या एमएच 14 च्या. फितीत एकही तशी नसेल आणि बोलणारा कानडीत ओरडत असेल, तर ती ओतूरची नाही. बातम्यांची भाषा बदलता येते हेही सिद्ध झाले आहे. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांविषयी भडक बातम्या येत. 2011 पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या. त्यानंतर ‘धुमाकूळ’ आणि ‘नरभक्षक’ यांच्या जागी बिबट्या कसा वागतो आणि लोकांनी काय करावे, हे छापून येऊ लागले.

जुन्नर भागात गावपातळीवरचे गट हाच बातमीचा पहिला मार्ग आहे आणि तो बंद करणे शक्यही नाही, इष्टही नाही. गट चालवणाऱ्यांनी एक नियम जरी पाळला तरी पुष्कळ साधेल: वार, वेळ, ठिकाण आणि पाहणाऱ्याचे नाव नसलेली बिबट्याची फीत पुढे जाऊ द्यायची नाही. आणि बिबट्या खरोखर दिसला, तर गटात टाकण्याआधी वनखात्याच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा.